उभी धरायची काठी

ढग आले तेव्हा कुणी मनावर घेतलं नाही. पण ते चार दिवस हटले नाहीत आणि पाचव्या दिवशी बटाट्याच्या पानांवर काळे ठिपके दिसायला लागले. धड पाऊस नाही, धड ऊन नाही. पानं सकाळी ओली, दुपारी ओली, संध्याकाळीही ओलीच. करपा रोगाला एवढंच लागतं. एकदा तो शेतात शिरला की आठवडाभरात हिरवं रान काळं करून टाकतो, आणि मग खालचा बटाटा उकरायच्या लायकीचा राहत नाही.

नळीवाल्याला हे कुणी सांगायची गरज नव्हती. तीस वर्षं पाठीवर पंप घेऊन त्याने याच करप्याशी उभा दावा मांडला होता. हातातली पितळी नळी पानाच्या खालच्या अंगाला कशी न्यायची, फवारा नेमका कुठे बसला पाहिजे, वारा फिरला की मनगट किती वळवायचं, हे त्याच्यासारखं कुणाला जमत नसे. म्हणून तर लोक त्याचं खरं नाव विसरून गेले होते. बायको म्हणायची, आता हाक मारली तर यांनाही ओळखू येणार नाही.

ती नळी गेली दोन वर्षं पडवीतल्या भिंतीवर, दोन खिळ्यांवर आडवी पडून होती. उजवा खांदा दुखून दुखून असा धरला होता की शर्ट घालताना बायकोला बाही धरावी लागे. छातीत औषध बसलं होतं ते निराळंच. डॉक्टरने छातीचा फोटो उजेडात धरून सांगितलं, की यापुढे पाठीवर पंप घेतलात तर माझ्याकडे येऊ नका. नळीवाल्याने मान डोलावली आणि घरी येऊन बायकोला सांगितलं, की काही विशेष नाही म्हणाला. पण दवाखान्यात त्याच्यासोबत सून होती. तिने सासूच्या कानावर सगळं जसंच्या तसं घातलं.

आता घर सुनेच्या हातावर चालत होतं. मुलगा लांब रस्त्याच्या कामावर, महिन्यातून एकदा तोंड दाखवायचा. सून ड्रोन उडवायची. सासू पिंपात औषध कालवायची आणि नळीवाला ते फडक्यातून गाळून ड्रोनच्या टाकीत ओतायचा, संपलेल्या बॅटऱ्या उचलून जनरेटरपाशी न्यायचा. ड्रोनवर त्याचा राग नव्हता. पण ते यंत्र वरून फवारा सोडत जायचं तेव्हा तो तोंडातल्या तोंडात म्हणायचा, वरून आंघोळ घालून काय होतंय, पानाच्या पोटाखाली कोण जाणार. सून ऐकायची आणि हसायची. पंख्यांच्या वाऱ्याने पान उलटतं, तेव्हा खालीही औषध बसतं, हे तिने त्याला दोनदा दाखवलं होतं. त्याने दोन्ही वेळा दुसरीकडे पाहिलं होतं.

सहाव्या दिवशी सकाळी चष्मेवाले बागायतदार आले. कालव्यापलीकडे निलगिरीची रांग होती आणि त्या रांगेमागे त्यांचे तीस एकर बटाटे. गाडी न्यायची मोरी महिन्यापूर्वी वाहून गेली होती. फळीवरून माणूस पलीकडे जाई, पण जनरेटर, पिंपं, बॅटऱ्या कशा नेणार? कालव्याच्या भरावावरूनच ड्रोन पाठवून पाहावा, तर निलगिरीमागे तो पिकावर खाली उतरला की सुनेच्या हातातला रिमोट कोकलायला लागे आणि ड्रोन आपला आपण परत फिरे. ओली झाडं सिग्नल खातात, असं ती म्हणाली.

चष्मेवाले खाटेवर टेकले, चष्मा पुसला आणि सुनेला म्हणाले, की आज आणि उद्या एवढे दोन दिवस मी थांबतो. त्यात झालं तर काम तुमचं, नाहीतर दहा पंपवाले बघून ठेवलेत. मग नळीवाल्याकडे वळून त्यांनी आवाज जरा खाली आणला.

"पुढे तुम्ही असलात तर बाकीचे नीट मारतील. तुमच्यासारखा हात कुणाचा नाही."

दोन वर्षांत त्याला असं कुणी म्हटलं नव्हतं. त्याला इतकं बरं वाटलं, की विचार करायच्या आधीच तोंडातून निघून गेलं.

"येतो की. खांद्याला काय धाड भरलीय."

आत भांडी घासायचा आवाज थांबला. बायको ओल्या हातांनी दारात आली, त्याच्याकडे बघत राहिली आणि परत आत गेली. सून म्हणाली, दोन दिवस पुष्कळ झाले, मी सिग्नल पोचवते. आणि उठून तिने भावाला फोन लावला.

सुनेचा भाऊ जवळच्या गावात दुरुस्तीचं दुकान चालवायचा. रेडिओ, टीव्ही, मिक्सर, जे बंद पडेल ते. किडकिडीत माणूस, कानावर कायम पेन्सिल. दोन तासांत तो मोटरसायकलवरून भरावावर हजर झाला. पिशवीतून त्याने दोन वस्तू काढल्या. एक हातभर लांब पांढरी काठी, म्हणजे अँटेना. दुसरा तळहाताएवढा, कंगव्यासारखे दाते असलेला लोखंडी डबा, म्हणजे सिग्नल वाढवायचा ॲम्प्लिफायर. त्याने रिमोट उघडला, आतल्या दोन चिमुकल्या अँटेना काढल्या आणि त्यांच्या जागी वायर बसवली. वायर डब्यात, डब्यातून दुसरी वायर पांढऱ्या काठीत, आणि काठी एका लांब बांबूच्या टोकाला घट्ट बांधलेली.

काम करता करता तो बहिणीला समजावत होता. डब्याने आपला आवाज मोठा होतो, कान मोठे होत नाहीत. ऐकायचं काम काठीचं. काठी उंच हवी आणि उभी हवी. डबा मात्र जपून वाढव, उगाच आसपासच्या लोकांच्या यंत्रांना त्रास होतो आणि हे असले डबे विनापरवाना वापरायचे नसतात. नळीवाला तेव्हा गाडीतून बॅटऱ्या उतरवत होता. त्याच्या कानावर यातलं काहीच पडलं नाही.

बांबू कुणी धरायचा असा प्रश्न आला तेव्हा भाऊ सहज म्हणाला, सगळ्यांत सोपं काम आबांना द्या. नळीवाल्याने बांबू घेतला आणि भरावाच्या कडेला जाऊन उभा राहिला. खालच्या रस्त्याने चष्मेवाल्यांचे दोन गडी चालले होते. त्यातल्या एकाने वर बघून विचारलं, नळीवाले, आज झेंडा धरायला लावलं का. नळीवाला हसला. हसल्याशिवाय गत्यंतर नव्हतं.

पहिल्या सहा खेपा झकास गेल्या. ड्रोन भरल्या टाकीने उठायचा, निलगिरीवरून पलीकडे जायचा, तिथे खाली उतरून पट्टा मारायचा आणि रिकामा होऊन परत यायचा. रिमोटच्या पडद्यावर सिग्नलच्या रेघा दिसत. सून त्या मोठ्याने मोजायची म्हणजे सगळ्यांना कळे. चार. चार. तीन. परत चार. सासू पिंपाशी, नळीवाला बांबूशी. खांदा ठणकत होता, पण बांबूचं बूड त्याने कमरेच्या पट्ट्यात रोवलं होतं. ते काही अवघड नव्हतं.

सातव्या खेपेला पट्टा लांबचा होता. ड्रोन झाडांपलीकडे गेला आणि खाली उतरला.

"तीन," सून म्हणाली. मग, "दोन."

दोन ऐकल्यावर नळीवाल्याच्या हातांनी आपलं आपण काम सुरू केलं. डावा हात खाली सरकला, उजवा पुढे आला, बूड पट्ट्यातून सुटून काखेत गेलं. पाय फाकले. दोन झाडांच्या ज्या फटीतून ड्रोन दिसेनासा झाला होता, त्या फटीवर त्याने काठीचं टोक धरलं. नेमकं धरलं. तीस वर्षांत त्याचा नेम कधी चुकला नव्हता.

"एक," सून म्हणाली.

त्याने मनगट जरासं वळवलं आणि काठी आणखी पुढे ताणली, अगदी नाकासमोर, सरळ.

"गेला."

भावाने डब्याची कळ शेवटपर्यंत फिरवली. डबा तापला, त्याला जळका वास यायला लागला. तेवढ्यात शेजारच्या पंपघरातून एक माणूस ओरडत आला, की तुमचं हे काय चाललंय, माझ्या मोटरचा रिमोट चालत नाही. त्याला उत्तर द्यायला कुणी मोकळं नव्हतं. ड्रोन सिग्नल तुटल्यावर ठरवल्याप्रमाणे वर उठून परत निघाला होता. सुनेने उंची निलगिरीहून जास्त ठेवली होती, पण एक झाड बाकीच्यांच्या डोक्यावरून गेलं होतं, ते तिच्या हिशोबात नव्हतं. शेंड्यात कडकड झालं. ड्रोन तिरका झाला, सावरला आणि लंगडत येऊन भरावावर आपटला. चारपैकी दोन पंख्यांची पाती गेली होती.

गाडीत आणखी दोन पंख्यांपुरतीच पाती शिल्लक होती. ती तुटली तर शहरातून नवी यायला आठवडा, आणि आठवड्यात बटाटे काळे.

सून ड्रोनपाशी गुडघ्यांवर बसली होती. ती उठली आणि भावाला म्हणाली, "दादा, तुझा डबा घे आणि जा. दुकानात मिक्सर दुरुस्त कर."

पंपघरवाला, आवाज ऐकून आलेले ते दोन गडी, सासू, सगळ्यांसमोर. भावाने कानावरची पेन्सिल काढली, पुन्हा ठेवली. रिमोट उघडून सगळं सोडवायला वेळ लागेल, उद्या संध्याकाळी येऊन घेऊन जातो, एवढं म्हणून तो मोटरसायकलवर बसला. चहासुद्धा न घेता गेला.

नळीवाल्याला बरं वाटलं. हे त्याने कुणाला सांगितलं नसतं, पण खरं तेच होतं. घरी येताना गाडीच्या मागच्या बाजूला बसून तो मनातल्या मनात दहा माणसांच्या पुढे चालत होता, आणि माणसं त्याच्या नळीकडे बघून आपापली नळी वळवत होती.

अंधार पडायच्या आधी बायको रोज फळीवरचा रेडिओ लावून हवामान ऐकायची. आज रेडिओ खरखरत होता. नळीवाल्याने तो उचलला, दारात आणला आणि टेकडीवर प्रक्षेपणाचा मनोरा होता त्या दिशेला रेडिओची तार रोखून धरली. आवाज पार गेला.

"तुम्ही हात लावू नका त्याला," बायको आतून म्हणाली. "तार मनोऱ्यावर रोखली की तो मरतो. उभी ठेवायची. किती वर्षं सांगते."

त्याने तार उभी केली. रेडिओवरची बाई स्पष्ट बोलायला लागली, ढग आणखी तीन दिवस. त्याने तार मनोऱ्याकडे केली. नुसती खरखर. उभी केली, बाई. रोखली, खरखर. चार-पाच वेळा त्याने हे केलं. बायकोने बाहेर येऊन रेडिओ काढून घेतला, तेव्हाही त्याचा हात तसाच पुढे होता.

मग तो पायरीवर बसला. काही तासांपूर्वीच काठीला आपण कसं धरलं होतं ते त्याला अगदी लख्ख दिसलं. डब्याचा दोष नव्हता, पाहुण्याचा तर नव्हताच. चूक आपल्या हातांनी झाली. आणि दुसरंही त्याला तितकंच लख्ख दिसलं, की गप्प राहिलो तर कुणाला काही कळणार नाही. डबा वाईट ठरेल, ड्रोन तिथे जाणार नाही, आणि परवा सकाळी चष्मेवाले मला न्यायला येतील. गप्प राहायला काहीच लागत नव्हतं.

बायको तेलाची वाटी घेऊन शेजारी बसली. खांदा बघू, म्हणाली. तिने त्याचा हात मनगटाला धरून हळूहळू वर न्यायला सुरुवात केली. कानापर्यंतही आला नाही, तोवर त्याच्या तोंडून आवाज निघाला. आवाजामागून खोकला आला आणि बराच वेळ थांबला नाही. तिने हात तसाच धरून ठेवला.

"यानेच पंप उचलणार," ती म्हणाली. टोमणा मारायला गेली होती, पण आवाज मध्येच फुटला. तिने घाईघाईने तेल चोळायला सुरुवात केली. नळीवाला खाली बघत राहिला. त्याला तिची भीती आज पहिल्यांदा कळली, आणि कळली ती नको असताना कळली.

सकाळी सून गाडीत पिंपं चढवत होती. पंपवाले येईपर्यंत कालव्याअलीकडचे जमिनीचे दोन तुकडे तरी मारून घेऊ, असं तिने ठरवलं होतं. नळीवाला पडवीतून आला तेव्हा त्याच्या हातात भिंतीवरची नळी होती, आणि काखेत तिचा दुसरा तुकडा. झाडांवर मारायची वेळ आली की हे दोन तुकडे जोडून तो पुरुषभराहून उंच नळी करायचा. सून बघत राहिली. तो गाडीत बसला. सासूने विचारलं, हिला कुठे नेताय. तो म्हणाला, कामाला.

भरावावर पोचल्यावर त्याने दोन्ही तुकडे जोडले. पहारीने खड्डा केला, नळीचं बूड त्यात उतरवलं आणि चहूबाजूंनी दगड ठोकून बसवले. फवारा सुटायच्या टोकावर त्याने पांढरी काठी उभी ठेवली आणि रबराच्या पट्ट्यांनी आवळली. उजवा हात वर जाईना, म्हणून शेवटची गाठ दगडावर चढून डाव्या हाताने मारली. मग लांब जाऊन एक डोळा मिटून बघितलं. नळी सरळ उभी होती. आता ती कुणाच्याच हातात नव्हती.

"काल काठी मी वाकवली," तो म्हणाला.

सून वायर उलगडत होती. "माहीत आहे."

"कसं?"

"मागेच तर उभी होते."

"मग भावाला का बोललीस?"

तिने वायरचा पीळ सोडवला. "मला वाटलं तुमचा खांदा गेला. चार लोकांसमोर तुम्हाला काय म्हणणार? दादा काय, आपलाच आहे."

सुनेने सासऱ्याची लाज झाकायला सख्ख्या भावाला हाकलून दिलं, आणि आपण रात्रभर गप्प राहायचं की नाही याचा हिशोब करत बसलो, हे नळीवाल्याला फार लागलं.

"खांदा नव्हता," तो म्हणाला. "सवय होती. फोन लाव त्याला."

भावाने दोनदा कापल्यावर तिसऱ्यांदा उचलला. सुनेने फोन सासऱ्याच्या हातात दिला. नळीवाल्याने झालं ते सगळं सांगितलं, आणि शेवटी म्हणाला, पाहुणे, चूक माझी, बोलणी तुम्हाला.

"काठीच्या टोकातून काही निघत नाही, आबा," पलीकडून भाऊ म्हणाला. "अंगातून निघतं, चहूबाजूंनी. टोक ज्याच्याकडे कराल त्यालाच ती दिसत नाही."

"नळीत उलटं. टोकातूनच निघतं."

"म्हणून तर," भाऊ म्हणाला आणि हसला. मग त्याने बहिणीला सांगितलं, की डबा काढून ठेव, काठी उंच आणि उभी राहिली तर बहुतेक नुसत्या काठीवर भागेल. नाही भागलं तर मी येतोच. आणि आज चहा पिणार आहे, हे सासूबाईंना सांग.

शेवटची पाती बसवली, उंची आणखी वाढवली. ड्रोन उठला. निलगिरीवरून पलीकडे गेला, खाली उतरला. तिघंही जागच्या जागी उभी होती. सासूच्या हातात कालवायची काठी तशीच थांबली होती.

"चार," सून म्हणाली. "तीन."

नळीवाल्याचे हात हलले. धरायला काही नव्हतं, म्हणून त्याने ते काखांमध्ये घट्ट दाबून धरले.

"तीन," सून म्हणाली. "तीन. तीनच."

त्यानंतर कुणी मोजलं नाही. दिवसभर काम चाललं. टाकी भर, बॅटरी बदल, पिंप ढवळ, टाकी भर. मध्ये बारीक पाऊस आला आणि गेला. डबा पिशवीतच राहिला आणि पंपघरवाल्याची मोटर निमूट चालत राहिली. दुपारी भाकरीसुद्धा उभ्याउभ्याच खाल्ली. नळीवाला पाणी वाहत होता, फडकं पिळत होता, आणि येताजाता नळीपाशी थांबून दगड पायाने घट्ट करत होता. त्याची गरज नव्हती. चारच्या सुमारास सुनेने पलीकडे बोट दाखवलं आणि म्हणाली, दोन टाक्या राहिल्या.

चष्मेवाले फळीवरून कालवा ओलांडून आले. रानभर हिंडून आले होते, पायजमा चिखलाने भरला होता. पानं उलटी करून बघितली, खालूनही औषध बसलंय, म्हणाले. आता फक्त निलगिरीच्या बुडाशी अर्धा एकर राहिलं होतं. तिथे फांद्या खाली आल्यात, ड्रोन शिरायचा नाही. त्यांनी नळीवाल्याला बाजूला घेतलं.

"तेवढं उद्या पंपाने मारून द्या. अर्धा एकर म्हणजे तुम्हाला खेळ. तुमच्या हाताला तोड नाही."

कालचंच बोलणं होतं आणि आजही ते तितकंच गोड लागलं. नळीवाल्याने भरावाच्या कडेला पाहिलं. नळी सरळ उभी होती. ड्रोन झाडांवरून परत येत होता. पिंपापाशी बायको ढवळायची थांबली होती आणि पाठमोरी उभी राहून ऐकत होती.

"नळी कामात आहे," तो म्हणाला.

"दुसरी देतो की. माझ्याकडे पडल्यात चार."

"मग माणूसही दुसरा बघा," नळीवाला म्हणाला. बायकोने पिंपात काठी घालून पुन्हा ढवळायला घेतलं. ड्रोन उतरला, पंखे थांबले, आणि टाकीचं झाकण उघडायला तो डाव्या हाताने पुढे झाला.